सर्व्हर चालू, स्टेटस हिरवं, तरी कोणालाच दिसत नाही: पेसमेकरमध्ये पिंग लावून फेलओव्हर करायची पद्धत

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका गोडाऊनचे दोन सर्व्हर मी सांभाळतो. धरमकाट्याच्या पावत्या, गेटपास, डिस्पॅच, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते थांबू नये म्हणून दोन सर्व्हरचा क्लस्टर केलेला, एक गेला की दुसरा उचलून घेईल म्हणून. यालाच फेलओव्हर म्हणतात, आणि ते काम पेसमेकर हे सॉफ्टवेअर करतं. नवतप्यातली दुपार, काट्यावरच्या पोराचा फोन आला, "भाऊ, काटा वजन दाखवून राहिला पण पावतीच निघून नाही राहिली." मी तेव्हा सर्व्हर रूममध्येच होतो. स्क्रीनवर स्टेटस बघितलं तर दोन्ही नोड (म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर) ऑनलाइन, डेटाबेस चालू, व्हर्च्युअल आयपी (सर्व्हिस ज्या सर्व्हरवर असेल त्याच्याकडे जाणारा पत्ता) चालू, एकही लाल ओळ नाही. आणि बाहेर गेटपासून रोडपर्यंत ट्रकची लाइन लागलेली.

आमची सर्व्हर रूम गोडाऊनच्या मागच्या टोकाला आहे आणि ऑफिस नि काटा पुढे गेटजवळ, मधलं अंतर दीडशे मीटरच्या वर, म्हणजे साधी नेटवर्क केबल चालत नाही, तिची मर्यादा १०० मीटर. म्हणून प्रत्येक सर्व्हरचा आपला एक छोटा स्विच, त्याच्यापुढे मीडिया कन्व्हर्टर (साध्या केबलचा सिग्नल फायबरवर टाकणारा डबा), मग फायबर, आणि ऑफिसमधल्या मुख्य स्विचजवळ परत कन्व्हर्टर. दोन सर्व्हर, दोन वेगळे रस्ते. शोधत शोधत पहिल्या रस्त्याच्या ऑफिसकडच्या कन्व्हर्टरपाशी पोचलो, तो टिनाच्या भिंतीला लटकवलेला, त्याच्या अ‍ॅडॅप्टरला हात लावला तर चटका बसला आणि कन्व्हर्टरवर एकही लाइट नव्हता. अ‍ॅडॅप्टर जळला होता. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावला, पावत्या सुरू झाल्या. पण तोवर पाऊण तास गेला होता, आणि सगळ्यात जास्त टोचलं ते हे की दुसरा सर्व्हर त्या पाऊण तासात पूर्ण धडधाकट, त्याचा फायबरचा रस्ता मोकळा, नुसता बसून होता.

असं का होतं ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या सेटिंगचे आकडे नुसते कॉपी-पेस्ट कराल. क्लस्टरमध्ये दोन प्रकारची विचारपूस चालते. कोरोसिंक, म्हणजे नोडची आपसातली बोलणी सांभाळणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्या नोडला विचारतो, जिवंत आहेस का. आमच्याकडे ही बोलणी दोन सर्व्हरमधल्या थेट केबलवरून व्हायची, ती केबल ठीक होती, त्यामुळे उत्तर यायचं, आहे. पेसमेकर प्रत्येक रिसोर्सला, म्हणजे डेटाबेस, आयपी अशा तो सांभाळतो त्या प्रत्येक गोष्टीला, विचारतो, चालू आहेस का. डेटाबेसचं प्रोसेस चालू होतं, आयपी नेटवर्क कार्डवर बसलेला होता, कार्डाची केबल शेजारच्या स्विचला लागलेली आणि तो स्विच यूपीएसवर, म्हणजे लिंकसुद्धा अप. सगळी उत्तरं खरी होती. फक्त "लोक माझ्यापर्यंत पोचून राहिले का" हा प्रश्न कोणी विचारतच नव्हतं, आणि तो विचारायला आपल्याला वेगळा रिसोर्स लावावा लागतो.

तो म्हणजे पेसमेकरचा पिंग एजंट. तो प्रत्येक नोडवर चालतो, आपण दिलेल्या पत्त्यांना ठराविक वेळाने पिंग करतो, किती जणांनी उत्तर दिलं ते मोजतो, आणि तो आकडा मल्टिप्लायरने गुणून त्या नोडच्या नावावर एक अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहून ठेवतो. बस, एवढंच. तो स्वतः कोणाला हलवत नाही, स्वतः फेलसुद्धा होत नाही. हलवायचं काम आपण लिहिलेला लोकेशन रूल करतो, म्हणजे सर्व्हिस कोणत्या नोडवर चालवायची त्याचा नियम, तो प्रत्येक नोडला स्कोर देतो आणि जास्त स्कोरवाल्याकडे सर्व्हिस जाते. हे वेगळेपण लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांनी पिंग रिसोर्स बनवलेला असतो, स्टेटसमध्ये तो दिसतो, आणि रूल लिहायचा राहून जातो, मग केबल काढली तरी काही हालत नाही आणि लोक म्हणतात की पिंग काम करत नाही.

कोणाला पिंग करायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कमांड टाइप करायला दोन मिनिटं लागतात.

कागदावर काढा की तुमचे वापरणारे लोक कुठे बसतात आणि सर्व्हरपासून त्यांच्यापर्यंत पॅकेट कोणत्या रस्त्याने जातं. त्या रस्त्यावरची, नेहमी चालू असणारी, स्वतःचा पक्का आयपी असणारी यंत्रं निवडा. आमच्याकडे तीन निघाली: ऑफिसमधला मुख्य स्विच, काट्याच्या केबिनमधला स्विच, आणि राउटरची आतली बाजू. तिन्ही यूपीएसवर आहेत हे मी स्वतः जाऊन, प्लग बघून ठरवलं. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या वादळात लाइन किती वेळा जाते येते ते नागपूरकरांना सांगायला नको, प्रत्येक वेळी लाइन गेली की टार्गेटच बंद पडत असेल तर ते टार्गेट कामाचं नाही. म्हणूनच प्रिंटर नको, कोणाच्या टेबलावरचा पीसी नको.

इंटरनेटवरचा एखादा प्रसिद्ध आयपी टाकायचा मोह सगळ्यांना होतो कारण तो पाठ असतो. माझं म्हणणं, तुमचे वापरणारे इंटरनेटवरून येत असतील तरच तो विचार करा. आमचे काटेवाले आतल्या नेटवर्कवर आहेत, बाहेर रोडवर कोणी खोदकाम करून फायबर तोडलं तर त्यांना काही फरक पडत नाही, मग आमच्या क्लस्टरने तरी त्याची चिंता का करावी. शिवाय बाहेरच्या सर्व्हरने तुमच्या पिंगला उत्तर द्यायचं कबूल केलेलं नसतं, कधी गाळतील काही सांगता येत नाही.

नावाने पिंग करू नका, आयपीच द्या, नाहीतर डीएनएस अडकला की पिंगही अडकतं. दुसऱ्या नोडचा आयपी देऊ नका, तो मेला तर जिवंत नोडचा स्कोर उगाच कमी होईल. आणि स्वतःचाच व्हर्च्युअल आयपी तर नाहीच नाही, ज्याच्याकडे तो आहे त्याला तो नेहमीच दिसणार.

अजून एक खाच. सर्व्हरला दोन-तीन नेटवर्क कार्ड असतील, एक सर्व्हिसचं आणि एक मॅनेजमेंटचं, तर पिंग कोणत्या कार्डातून बाहेर पडून राहिलं ते बघा. मॅनेजमेंटच्या रस्त्याने टार्गेट दिसत असेल तर सर्व्हिसची केबल तुटली तरी पिंगला तीनपैकी तीन मिळतील आणि तुम्ही परत तिथेच. आयपी राउट गेट आणि पुढे टार्गेटचा आयपी, ही कमांड दोन्ही नोडवर चालवा, कोणतं कार्ड येतं ते लगेच कळतं. चुकीचं येत असेल तर एजंटच्या ऑप्शन्स पॅरामीटरमध्ये डॅश कॅपिटल आय आणि कार्डाचं नाव देता येतं.

माझी पहिली चूक, ती तुम्ही करू नका

पहिल्यांदा मी घाईत एकच टार्गेट दिलं, राउटर. आणि रूल लिहिला तो सगळीकडे सापडतो तसा: पिंगडीचा (पिंग एजंट लिहितो त्या अ‍ॅट्रिब्यूटचा) आकडा १ पेक्षा कमी असेल किंवा आकडाच नसेल तर त्या नोडचा स्कोर उणे इन्फिनिटी, म्हणजे तिथे सर्व्हिस चालवायचीच नाही. टेस्टला एका सर्व्हरची केबल काढली, सर्व्हिस दुसऱ्यावर गेली, मी खूश. पुढच्या आठवड्यात कोणीतरी नेट स्लो आहे म्हणून राउटर बंद करून चालू केला. दोन्ही नोडना राउटर दिसेना, दोन्हीचा स्कोर उणे इन्फिनिटी, क्लस्टरने सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस दोन्हीकडे बंद केली. डेटाबेस बंद, आयपी काढून घेतला, काटा परत थांबला. राउटर नसता तरी पावत्या आरामात निघत होत्या, त्या मी लिहिलेल्या रूलने थांबवल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण क्लस्टर नसता तर ती दहा मिनिटं वाया गेली नसती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. टार्गेटने उत्तर नाही दिलं याचा अर्थ मी बिघडलो असा होत नाही, टार्गेटही बिघडलेलं असू शकतं. पिंग हा प्रोग्राम माइक मूसने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला तेव्हापासून तो एवढंच सांगतो की पॅकेट जाऊन परत आलं की नाही, मधे कोण चुकलं ते तो सांगत नाही. म्हणून नोडने "मला दिसतं का" असं विचारून उपयोग नाही, "दुसऱ्याच्या तुलनेत मला कमी दिसतं का" असं विचारायला पाहिजे. दोघांनाही सारखंच कमी दिसत असेल तर हलून काय मिळणार आहे, जिथे आहे तिथेच चालू राहू द्या. उणे इन्फिनिटी हा प्रश्न विचारू शकत नाही, साधा स्कोर विचारू शकतो.

उणे इन्फिनिटी कधीच लावू नये असं नाही. नेटवर्कपासून तुटलेला नोड काम करत राहिला तर नुकसान होईल अशी सर्व्हिस असेल, तर तिथे सर्व्हिस बंद झालेलीच बरी. पण ते ठरवून करा.

आता कमांड

कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहितो, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने आणि नेहमीच्या आकड्यांनी टाका. क्लस्टर आधीपासून चालू आहे, फेन्सिंग (बिघडलेल्या नोडची पॉवर काढायची सोय) लागलेलं आहे आणि तुमच्या रिसोर्सचा एक ग्रुप आहे असं धरतो. आमच्या ग्रुपमध्ये चार जण आहेत: फाइलसिस्टिम, व्हर्च्युअल आयपी, डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन, ग्रुपचं नाव काटा-ग्रुप.

पीसीएस रिसोर्स क्रिएट पिंग ओसीएफ:पेसमेकर:पिंग होस्ट_लिस्ट="१९२.१६८.१०.१ १९२.१६८.१०.२ १९२.१६८.१०.३" मल्टिप्लायर=१०० डॅम्पेन=३०एस अटेम्प्ट्स=३ टाइमआउट=२ ऑप मॉनिटर इंटरव्हल=१०एस टाइमआउट=६०एस क्लोन

शेवटचा क्लोन हा शब्द विसरू नका, त्यानेच हा रिसोर्स दोन्ही नोडवर चालतो, नाहीतर एकाच नोडचा आकडा मिळेल आणि तुलना कशाशी करणार. होस्ट लिस्टमध्ये आयपींच्या मधे फक्त स्पेस, कॉमा नाही.

मग रूल:

पीसीएस कन्स्ट्रेंट लोकेशन काटा-ग्रुप रूल स्कोर-अ‍ॅट्रिब्यूट=पिंगडी डिफाइंड पिंगडी

इथे एक फसवं नाव आहे. रिसोर्सचं नाव आपण पिंग ठेवलं, एजंटचंही नाव पिंग, पण तो जे अ‍ॅट्रिब्यूट लिहितो त्याचं नाव काही न सांगितल्यास पिंगडी असतं, शेवटी डी. रूलमध्ये पिंग लिहिलंत तर एरर येत नाही, फक्त रूल कधी लागूच होत नाही. याच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

या रूलचा अर्थ: नोडच्या पिंगडीचा जो आकडा असेल तोच त्या नोडचा स्कोर म्हणून जोडा. तीन टार्गेट दिसली तर ३००, दोन दिसली तर २००.

स्टिकीनेसचा हिशोब

ही जागा सगळ्यात नाजूक आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. नुसता वरचा रूल ठेवला तर एक पिंग चुकलं, ३०० चे २०० झाले, की लगेच सर्व्हिस दुसरीकडे पळेल, आणि डेटाबेस बंद करून चालू करणं म्हणजे काट्यावर मिनिटभर तरी काम बंद. म्हणून सर्व्हिसला आहे त्या जागी थोडं चिकटून राहायला सांगायचं, त्याला रिसोर्स स्टिकीनेस म्हणतात.

मी आधी १५० लावला होता. डोक्यात हिशोब असा, एक टार्गेट गेलं तर २०० अधिक १५० म्हणजे ३५०, समोरच्याकडे ३००, राहू दे. दोन गेली तर १०० अधिक १५० म्हणजे २५०, समोर ३००, हल. एकदम बरोबर. टेस्टला पहिल्या सर्व्हरचा फायबर काढला, पिंगडी शून्यावर आलेलं डोळ्यांनी दिसलं, आणि सर्व्हिस हललीच नाही!

कारण ग्रुपमध्ये स्टिकीनेसची बेरीज होते. ग्रुपमधला प्रत्येक चालू रिसोर्स आपापला स्टिकीनेस टाकतो. आमचे चार, म्हणजे १५० चे झाले ६००. पिंगडी शून्य असला तरी ६००, समोर ३००, कशाला हलेल. म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये किती जण आहेत ते मोजून भागाकार करा. मी ४० लावला, चार चोक सोळा, १६०:

पीसीएस रिसोर्स डिफॉल्ट्स अपडेट रिसोर्स-स्टिकीनेस=४०

आता एक टार्गेट गेलं, ३६० विरुद्ध ३००, जागेवर. दोन गेली, २६० विरुद्ध ३००, हलेल. फायबर गेला, १६० विरुद्ध ३००, हलेल. आणि पहिला रस्ता दुरुस्त झाल्यावर दुसऱ्या नोडकडे ४६० आणि पहिल्याकडे ३००, म्हणजे सर्व्हिस भर दुपारी आपोआप परत उडी मारणार नाही, ती परत आणायची की नाही ते रात्री आपण ठरवू. दोघांनाही शून्य दिसलं तर जिथे आहे तिथे १६०, दुसरीकडे शून्य, कोणी हलत नाही आणि कोणी बंदही होत नाही. राउटरवाला प्रसंग आता झाला तर काट्याला कळणारही नाही.

पुढे कधी ग्रुपमध्ये पाचवा रिसोर्स घातला की हा हिशोब परत करा, पाच गुणिले ४० म्हणजे २००, मग दोन टार्गेट गेली तर ३०० विरुद्ध ३०० अशी बरोबरी होऊन बसते. आमच्याकडे हा आकडा आता रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला आहे.

डॅम्पेन ३० सेकंदच का

दोन्ही नोड एकाच क्षणी पिंग करत नाहीत. समजा मुख्य स्विच रीस्टार्ट झाला, तिन्ही टार्गेट दोघांनाही दिसेनाशी झाली, पण पहिल्या नोडची पाळी आधी आली. त्याचा आकडा शून्य, दुसऱ्याचा अजून जुनाच ३००. पेसमेकरने तेवढ्यात निर्णय घेतला तर सर्व्हिस उगाच हलेल, आणि दहा सेकंदांनी कळेल की तिकडेही तेच आहे. डॅम्पेन म्हणजे आकडा बदलल्यावर थोडं थांबायचं, तेवढ्यात सगळ्या नोडचे आकडे येऊ द्यायचे, मग एकत्र लिहायचे. स्विच परत चालू होतानाही हेच, ज्याला आधी दिसेल त्याच्याकडे सर्व्हिस पळू नये.

म्हणून डॅम्पेन हा मॉनिटरच्या एका पूर्ण फेरीपेक्षा मोठा पाहिजे. न सांगितल्यास तो ५ सेकंद असतो, तो १० सेकंदांच्या इंटरव्हलला अपुरा आहे. एक मेलेलं टार्गेट तीन प्रयत्न आणि २ सेकंदांची वाट धरून साधारण ४ सेकंद खातं, तीन टार्गेट ओळीने म्हणजे १२, अधिक इंटरव्हलचे १०, झाले २२. म्हणून ३०. याची किंमत अशी की रस्ता तुटल्यापासून सर्व्हिस हलायला सुरुवात होईपर्यंत मिनिटाच्या आसपास जातं. पाऊण तासाच्या मानाने मला ते चालतं. तुम्हाला दहा सेकंदात हवं असेल तर इंटरव्हल आणि टाइमआउट दोन्ही कमी करा, मग डॅम्पेन कमी करा, या क्रमानेच, नुसता डॅम्पेन कमी करू नका.

एक गोष्ट पिंगकडून अपेक्षू नका. तीनपैकी एक जरी पॅकेट परत आलं तरी तो त्या टार्गेटला दिसलं असंच धरतो. फायबरचा कनेक्टर मळला आणि निम्मे पॅकेट गळून राहिले तर पिंगडी ३०० च दाखवेल आणि काट्यावरचा पोरगा मात्र स्क्रीन फिरत बसलेली बघेल. त्याच्यासाठी पॅकेट लॉस मोजणारं वेगळं मॉनिटरिंग लावावं लागतं, हे त्याचं काम नाही.

रस्ता तुटल्यावर फेन्सिंग पोचेल का

सर्व्हिस हलवायची म्हणजे आधी जुन्या नोडवर बंद करायची. डेटाबेस वेळेत बंद नाही झाला तर पेसमेकर त्या नोडला फेन्स करतो, म्हणजे आयपीएमआयवरून (सर्व्हरची पॉवर नेटवर्कवरून चालू-बंद करायची सोय) त्याची पॉवरच काढतो. आता विचार करा, पहिल्या सर्व्हरच्या आयपीएमआयची केबल त्याच्याच स्विचला लावलेली आहे, त्याच फायबरच्या मागे जो तुटला आहे. दुसरा सर्व्हर तिथपर्यंत पोचणार कसा? फेन्सिंग फेल, आणि फेन्सिंगची खात्री होत नाही तोवर क्लस्टर पुढे काही करत नाही, नेमकं पाहिजे तेव्हा अडकतो. आम्ही दोन्ही सर्व्हरच्या मधे फक्त मॅनेजमेंटसाठी एक वेगळी केबल टाकली, पहिल्याचा आयपीएमआय दुसऱ्याला फायबरशिवाय दिसतो. साधी केबल आहे, पण सगळं सेटिंग तिच्यावर उभं आहे. पिंग आहे म्हणून फेन्सिंग बंद ठेवलं तरी चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, दोन सर्व्हर एकाच वेळी एकाच फाइलसिस्टिमवर लिहू लागले तर बॅकअप शोधायची वेळ येते.

तसंच कोरोसिंकची बोलणी एकाच केबलवर ठेवू नका. थेट केबलसोबत लॅनवरून दुसरी लिंक द्या, नाहीतर ती एक केबल उंदराने कुरतडली की दोन्ही नोड एकमेकांना मेलेलं समजून फेन्स करायला धावतील.

टेस्ट

टेस्ट केल्याशिवाय हे लावलं असं म्हणू नका. आम्ही रविवारी सकाळी करतो, काटा बंद असतो तेव्हा. एका स्क्रीनवर सीआरएम मॉन, कॅपिटल ए ऑप्शन देऊन, चालू ठेवायचं, त्यात प्रत्येक नोडखाली पिंगडीचा आकडा दिसतो. दुसऱ्या स्क्रीनवर सीआरएम सिम्युलेट, स्मॉल एस आणि कॅपिटल एल देऊन, त्यात प्रत्येक रिसोर्सचा प्रत्येक नोडवरचा स्कोर दिसतो, म्हणजे का हलला किंवा का नाही हलला ते अंदाजाने बोलावं लागत नाही.

आधी चालू नोडवर फायरवॉलमध्ये एकाच टार्गेटकडे जाणारं आयसीएमपी, म्हणजे पिंगची पॅकेटं, ड्रॉप करा. आकडा २०० व्हायला पाहिजे, सर्व्हिस जागेवर राहायला पाहिजे. मग दुसरं टार्गेट ड्रॉप करा, १००, आता हलली पाहिजे, घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. फायरवॉलमधले हे ड्रॉप काढून टाका, आकडा ३०० वर येईल आणि सर्व्हिस परत येता कामा नये. मग खरा फायबर काढा. आणि शेवटी दोन्ही नोडना एकदम आंधळं करा, मुख्य स्विचच बंद करा, आणि सर्व्हिस हलत नाही की बंद होत नाही ते बघा. ही शेवटची टेस्ट लोक सोडून देतात आणि मला याच प्रसंगाने गाठलं होतं. कार्ड कमांडने डाउन करून टेस्ट करू नका, खऱ्या आयुष्यात कार्ड असं डाउन होत नाही, आणि जुन्या कोरोसिंकला ते सहनही होत नव्हतं. केबल ओढा किंवा फायरवॉल वापरा.

फेलओव्हर झाल्यावर काट्याकडूनही बघा, नुसतं सर्व्हरकडून नको. आमच्याकडे सर्व्हिस दुसऱ्या नोडवर गेली, ऑफिसचे पीसी लगेच चालू झाले, पण काट्याच्या इंडिकेटरला लावलेला जुना सिरियल कन्व्हर्टर जुनाच मॅक अ‍ॅड्रेस (पहिल्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) धरून बसला. व्हर्च्युअल आयपी नव्या नोडवर येताना एआरपीची घोषणा करतो, म्हणजे मी आता या कार्डावर आहे असं नेटवर्कला सांगतो, न सांगितल्यास पाच वेळा, त्या डब्याला ती पुरत नव्हती. आयपीच्या रिसोर्समध्ये एआरपी काउंट वाढवला तेव्हा जुळलं. हे सर्व्हर रूममध्ये बसून कधीच कळलं नसतं, काट्याच्या केबिनमध्ये उभं राहून खरी पावती काढली म्हणून कळलं.

कीपअलाइव्हडी वापरत असाल तर

तुमच्याकडे डेटाबेस वगैरे नाही, फक्त दोन प्रॉक्सी आणि एक तरंगता आयपी असेल तर पेसमेकर कशाला, कीपअलाइव्हडी पुरतो. त्यात व्हीआरआरपी स्क्रिप्टमध्ये पिंग लिहायचं आणि ट्रॅक स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव द्यायचं. पण खाच तीच आहे. वेट, म्हणजे स्क्रिप्ट फेल झाल्यावर प्रायॉरिटीत जोडायचा किंवा वजा करायचा आकडा, दिलाच नाही तर स्क्रिप्ट फेल झाली की नोड फॉल्टमध्ये जातो, दोन्हीकडे फेल झाली तर आयपी कोणाकडेच राहत नाही. वेट उणे २० द्या, मास्टरची प्रायॉरिटी ११० आणि बॅकअपची १००. एकट्या मास्टरचं पिंग गेलं तर ९० विरुद्ध १००, आयपी हलेल. दोघांचं गेलं तर ९० विरुद्ध ८०, आहे तिथेच. फॉल आणि राइज (सलग किती वेळा चुकलं की फेल, आणि किती वेळा जमलं की ठीक धरायचं) दोन्ही ३ ठेवा म्हणजे एखाद्या चुकलेल्या पॅकेटवर तो नाचणार नाही.

लावून झाल्यावर

पिंगडी ३०० वरून खाली आला की लगेच मेसेज येईल असा पीसीएस अलर्ट लावून ठेवा. सर्व्हिस हलली नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. दुसऱ्या, बसून असलेल्या सर्व्हरचा फायबर महिन्याभरापासून मेलेला असला तरी वापरणाऱ्यांना काहीच जाणवत नाही, ते तेव्हाच कळतं जेव्हा पहिल्याचाही जातो. या अलर्टनेच एकदा आम्हाला सांगितलं की दुसऱ्या रस्त्याचा कन्व्हर्टर गेला, तेव्हा सर्व्हिस पहिल्यावर आरामात चालू होती आणि कोणाचाही फोन आला नव्हता.

ज्या तीन यंत्रांना पिंग करता त्यांच्यावर मार्करने लिहा की सर्व्हरवाल्याला विचारल्याशिवाय बंद करू नका आणि आयपी बदलू नका, मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा, कारण नेटवाला कोण येईल सांगता येत नाही. यंत्र बदललंच तर होस्ट लिस्ट त्याच दिवशी बदला. दोन्ही कन्व्हर्टरचे अ‍ॅडॅप्टर मी टिनाच्या भिंतीवरून काढून आत, कूलरची ओली हवा लागणार नाही अशा जागी, यूपीएसच्या बोर्डावर आणले, आणि एक जास्तीचा अ‍ॅडॅप्टर त्याच बोर्डाला टेप लावून बांधून ठेवला आहे.